आबांनी घेऊन दिलेलं कार्ड

पत्र मोठं होतं, थोडक्यात देते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"आम्ही न्यूजर्सीला असतो. मुलगा बारा वर्षांचा, गेली तीन वर्षं स्पोर्ट्स कार्डांच्या मागे वेडा झालाय. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझे वडील वाईहून आले होते, त्यांनी दुकानात त्याला बास्केटबॉल कार्डांचा एक डबा घेऊन दिला, स्वतः मागच्या रांगेत हात घालून निवडला, आणि घरी येऊन फोडला तर आत विक्टर वेंबन्यामाचं रूकी कार्ड, म्हणजे खेळाडूच्या पहिल्या सीझनचं. प्रिझम या मालिकेचं. आबांनी ते हातात धरलेला फोटो अख्ख्या वाईला पाठवला. गेल्या महिन्यात मुलाने ते कार्ड मित्राला देऊन टाकलं. मित्र चौदा वर्षांचा, आमच्या महाराष्ट्र मंडळातल्याच घरातला. बदल्यात काय, तर बेसबॉलची वीसेक कार्डं आणि अ‍ॅरन जज या खेळाडूचं एक, त्यावर छोटंसं आरसी लिहिलंय. मी ईबेवर बघितलं तर वेंबन्यामाचे तीनशे ते बाराशे डॉलर असे आकडे. डोकंच फिरलं. मुलगा म्हणतो, 'मला माहितीये बाबा, पण ट्रेड झाला म्हणजे झाला.' बायको म्हणते सोडून द्या. मला वाटतं त्या मुलाच्या आईवडिलांना फोन करून कार्ड परत मागावं, मोठ्या पोराने लहान पोराला सरळसरळ गंडवलंय. आबा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात कार्ड नीट ठेवलंय ना, आणि मी हो म्हणतो. त्या डब्याचं रिकामं खोकं अजून मुलाच्या टेबलावर आहे, पेन्सिली ठेवतो त्यात. फोन करू का?"

फोन करू नका. निदान या आठवड्यात तरी नको, आधी दोनचार गोष्टी बघून घेऊ, मग तुम्हाला वाटलं तर करा, नंबर कुठे पळून जात नाहीये.

का म्हणते सांगते. मी मिरजेत वाढले, आमच्या वेळी बिग फन बबलगममधे क्रिकेटपटूंचे फोटो यायचे, त्यावर रन नाहीतर विकेट लिहिलेल्या असायच्या, ठराविक आकडा जमला की ते देऊन फ्लिपबुक मिळायचं, अंगठ्याने पानं सोडली की बॅट्समन शॉट मारतोय असं दिसायचं. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी सगळी पोरं अदलाबदल करत बसायची. माझ्या भावाने एकदा त्याचं फ्लिपबुक देऊन दुसऱ्या एकाकडून मूठभर फोटो घेतले आणि घरी येऊन आनंदाने दाखवले. वडील चप्पल घालून तडक त्या मुलाच्या घरी गेले आणि फ्लिपबुक परत घेऊन आले, त्यांना वाटलं आपण पोराची बाजू घेतली. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपाशी भावाशी कोणी अदलाबदल करेना. "ह्याचे बाबा येतात" एवढं एकच वाक्य. फ्लिपबुक घरात होतं पण दाखवायचं कोणाला? आज पन्नाशी आली तरी तो ते विसरलेला नाही, आणि वडिलांवरचा राग नाही म्हणत तो, तो म्हणतो मला कोणी विचारलंच नाही.

आता तुमचं पत्र. मी तीनदा वाचलं. तुम्ही धरून चाललाय की मुलाला किंमत माहीत नव्हती म्हणून तो फसला. पण तुम्हीच लिहिलंय की तो म्हणाला, "मला माहितीये बाबा." हे वाक्य तुम्ही एका ओळीत टाकून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. तीन वर्षं या छंदात असलेल्या पोराला भाव माहीत नसतो असं होतच नाही, या मुलांना कॉम्प्स म्हणजे काय हे शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ असतं. कॉम्प्स म्हणजे तसंच कार्ड नुकतंच कितीला विकलं गेलं ते आकडे. ट्रेड करताना मुलं फोन बाजूला उघडा ठेवून बसतात. म्हणजे कदाचित त्याला सगळं माहीत होतं आणि तरी त्याने दिलं. मग प्रश्न वेगळाच झाला ना? त्याला अ‍ॅरन जज इतका का हवा होता, हा.

तुम्ही न्यूजर्सीला आहात. जज शेजारच्या न्यूयॉर्कच्या यांकीज संघातून खेळतो. तुमचा मुलगा यांकी स्टेडियमला गेलाय का, शाळेत अर्धा वर्ग यांकीज्‌चा आहे का, २०२२ मध्ये जजने एकाच सीझनमधला ६२वा होमरन मारून रॉजर मॅरिसचा १९६१चा अमेरिकन लीगचा रेकॉर्ड मोडला तेव्हा हा पोरगा किती वर्षांचा होता आणि कोणाबरोबर बसून बघत होता, हे मला पत्रावरून कळत नाही पण तुम्हाला माहीत असेल. सॅन अँटोनियोत खेळणारा उंच फ्रेंच वेंबन्यामा कितीही भारी असला तरी तो त्याचा नसेल कदाचित. ज्याचं कार्ड निघालं तो आपला खेळाडू नसतो, हे कुठल्याही कलेक्टरला विचारा. डबा आबांनी निवडला, पण आतला खेळाडू कोणीच निवडला नव्हता.

आणि आता पैशाचं बोलूच, कारण तुम्ही काढलंय आणि ते बोललं नाही तर तुमच्या डोक्यातून जाणार नाही. तुम्ही जे गेलं त्याची किंमत बघितली, जे आलं त्याची बघितलीच नाही. "छोटंसं आरसी लिहिलंय" म्हणता ते आरसी म्हणजे रूकी कार्ड. हा शिक्का खेळाडूच्या पहिल्या वर्षाच्या कार्डावरच येतो आणि जजचं ते वर्ष २०१७. ते कार्ड उलटं करा, मागे तळाला एकदम बारीक अक्षरात साल छापलेलं असतं, भिंग लागेल कदाचित. ही जुनी कार्डं पुढच्या वर्षांत परत छापतात कधीकधी, तेव्हा समोरून सगळं तेच दिसतं पण मागचं साल नंतरचं असतं. २०१७ असेल तर तुमच्या मुलाने वीस फालतू कार्डांवर वेंबन्यामा उधळलाय असं म्हणता येणार नाही. नसेल, तर निदान त्यालाही ते कळायला हवं.

दुसरं, तुम्हाला दिसलेले तीनशे ते बाराशे. ईबेवर कोणीही काहीही आकडा लावून बसू शकतो, मी माझ्या जुन्या कुकरला हजार डॉलर लावले म्हणून तो हजारचा होत नाही. फिल्टरमधे "सोल्ड" वर टिक करा, मगच खरे विकले गेलेले भाव दिसतात. त्यातही प्रिझमचं साधं कार्ड, ज्याला बेस म्हणतात ते, आणि सिल्व्हर नावाचं चमकणारं, या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक. समोरून दोन्ही जवळपास सारखीच. सिल्व्हर उजेडात तिरकं धरलं की इंद्रधनुष्यासारखी झाक मारतं आणि मागच्या बाजूला प्रिझम हा शब्द छापलेला असतो, बेसवर तो नसतो. तुमच्याकडे फोटो फक्त पुढचा आहे, आबांच्या हातातला, त्यावरून मीही सांगू शकणार नाही आणि तुम्हीही. मुलाला मात्र नक्की माहीत असेल, त्याला विचारा.

आणि ते मोठे आकडे बहुतेक ग्रेड झालेल्या कार्डांचे असणार, प्लास्टिकच्या जाड पाटीत सीलबंद, वर पीएसए १०. पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्डांना एक ते दहा असे मार्क देते, कोपरे, कडा, पृष्ठभाग, चित्र मधोमध आहे का, सगळं बघतात. तुमचं कार्ड डब्यातून निघून थेट आबांच्या हातात, मग फोटो, मग घरातल्या सगळ्यांच्या हातात. प्रिझमच्या त्या गुळगुळीत पृष्ठभागावर अंगठा लगेच उठतो. मला त्या अंगठ्याबद्दल काहीच तक्रार नाही, उलट माझ्या मते त्या कार्डावरची सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती, पण पीएसएला ती तशी दिसत नाही. शिवाय विकलं असतंच तर साइटचं कमिशनच तेराएक टक्के, पाठवायचा खर्च वेगळा. तुमचे बाराशे असे खाली खाली येत जातात.

एक गोष्ट अनेक पालकांच्या पत्रात येते म्हणून इथेच बोलते. कार्ड म्हणजे मुलाच्या कॉलेजची फी. तुमच्या पत्रात ते स्पष्ट लिहिलेलं नाही पण आकड्यांवर तुमचा जीव अडकलाय तो त्यातूनच असावा. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या शेवटाला आणि नव्वदच्या सुरुवातीला हजारो घरांनी हेच केलं, न फोडलेले डबेच्या डबे माळ्यावर ठेवले, पोरं मोठी झाली की विकू म्हणून. सगळ्यांनीच ठेवले आणि कंपन्यांनी अमाप छापले, त्यामुळे त्या काळाला आता जंक वॅक्स म्हणतात, जंक म्हणजे भंगार आणि वॅक्स म्हणजे ते मेणकागदाचं पाकीट. आणि याची उलटी बाजू तुमच्या न्यूजर्सीचीच आहे. टॉप्स या कार्ड कंपनीचे साय बर्गर, ज्यांनी आजच्या बेसबॉल कार्डाला हे रूप दिलं, ते स्वतः सांगायचे की १९५२ची न खपलेली कार्डं त्यांनी १९६०च्या सुमारास बार्जमधे भरून न्यूजर्सीच्या किनाऱ्याबाहेर समुद्रात टाकून दिली, कोणी फुकटसुद्धा घेईना. त्याच सेटमधलं मिकी मँटल या खेळाडूचं एक कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलरला विकलं गेलं. न्यूजर्सीच्याच एका माणसाने ते १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला घेतलेलं होतं. समुद्रात टाकणाऱ्याला कळलं नव्हतं आणि माळ्यावर ठेवणाऱ्यांनाही कळलं नव्हतं. आणि खेळाडू तर माणूसच आहे, वेंबन्यामाच्या खांद्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये रक्ताची गुठळी सापडली आणि त्याचा तो सीझन तिथेच संपला, सुदैवाने तो परत आला. बारा वर्षांच्या पोराने एका खेळाडूच्या खांद्यावर आपली फी ठेवावी असं मला तरी वाटत नाही.

मग गंडवलं की नाही? हे तुम्ही मला विचारू नका, मुलाला विचारा, पण विचारताना वकिलासारखं नको. मी असते तर जेवण झाल्यावर त्याला म्हटलं असतं, तुझं बाइंडर घेऊन ये, तो ट्रेड कसा झाला ते मला दाखव. नऊ खणांची पानं असतात त्या बाइंडरला, त्यात काय कुठे ठेवलंय हे बघितलं की पोराच्या मनातलं अर्धं कळतं. जज पहिल्या पानावर मधल्या खणात असेल तर तुम्हाला उत्तर मिळालंच. मग सहज विचारा, तुम्ही दोघांनी मिळून भाव बघितले होते का, त्याने घाई केली का, "आत्ताच दे नाहीतर नको" असं म्हणाला का, तू एकदा नाही म्हटल्यावर परत परत मागितलं का. दोघांनी उघड्या फोनवर बघून केलेला ट्रेड डॉलरच्या हिशोबात वाकडा निघाला तरी तो ट्रेडच आहे. पण खोटा भाव सांगितला असेल, किंवा कार्डावर चरा होता तो लपवला असेल, किंवा मागे लागून लागून घेतलं असेल, तर तुमचा राग बरोबर आहे, आणि मग बोलायलाच हवं. तेव्हाही पहिलं बोलणं मुलाने करावं, तुम्ही शेजारी उभे राहा. "तू मला अमुक सांगितलंस ते खरं नव्हतं, मला परत बदलायचंय." बारा वर्षांचा पोरगा हे म्हणू शकतो. तेही जमलं नाही तर त्या घरच्यांशी बोला, पण समोरासमोर, मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या आसपासही ते नेऊ नका. गणपतीला दोन्ही कुटुंबं एकाच हॉलमधे आरतीला उभी राहणार आहात आणि पोरं तिथेही बाइंडर घेऊन कोपऱ्यात बसणार आहेत.

समोर मोठा माणूस असता तर मी एवढी सबुरी सांगितली नसती हे मात्र स्पष्ट लिहिते. कार्ड शॉपमधल्या ट्रेड नाइटला किंवा शोमधे तिशीचाळिशीची माणसं पोरांच्या टेबलाशी येतात, बहुतेक चांगली असतात, पदरची कार्डं देऊन जातात मुलांना, पण काही जण मुद्दाम लहान पोरं हेरतात. तिथे पालक शेजारी हवेतच, आणि एवढ्या लहान पोराकडून घाईघाईने भारी कार्ड काढून घेतलं तर बिनधास्त जाऊन परत मागा, दुकानाच्या मालकाला सांगा, चांगला मालक तुमच्याच बाजूने उभा राहतो कारण त्याला पोरं परत यायला हवी असतात. चौदा आणि बारा हे अंतर तसं नाही. एका गल्लीतली पोरं आहेत ती.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या पत्रात कार्डाबद्दल पंधरा ओळी आहेत आणि आबांबद्दल चार, पण दुखतंय ते त्या चार ओळींत. दर रविवारी ते विचारतात आणि तुम्ही हो म्हणता. तुमचा मुलगा बहुतेक शेजारीच असतो त्या वेळी, तो ऐकतो. म्हणजे देऊन झाल्यावर खरं बोलला तो मुलगा, आणि खोटं पडतंय तुमच्या तोंडून, त्याच्यासाठी. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहित नाहीये, म्हाताऱ्या बापाचं मन मोडू नये म्हणून आपण सगळेच असं करतो, माझी आई होती तोवर मीही केलंय. पण याच्यात मुलाला काय कळतंय, की आपण काहीतरी वाईट केलंय जे आजोबांपासून लपवावं लागतं.

ते पेन्सिलींचं खोकं. त्यातून फार अर्थ काढायचा मला मोह होतोय पण काढत नाही, कदाचित ते नुसतं बरोबर मापाचं खोकं असेल. तरी विचारा त्याला. वीसतीस डबे फोडलेला मुलगा एरवी खोकी ठेवतो का? की हे एकच ठेवलंय? आबांनी निवडलं होतं ते खोकं होतं, वेंबन्यामा त्यांना कोण हेही माहीत नसणार.

आबांना मुलानेच सांगू दे. तुम्ही आधी फोन करून भूमिका बांधू नका, "तो लहान आहे, समजून घ्या" वगैरे अजिबात नको. त्याने जज कॅमेऱ्यासमोर धरावा आणि सांगावं, आबा, मी तुमचं कार्ड देऊन हे घेतलं, हा माणूस कोण आहे सांगू का. आबा नाराज होतील का? होऊ शकतात, त्यांनी वाईभर सांगितलेलं आहे, चार लोक विचारतात त्यांना. पण नातवाकडून थेट ऐकलेलं आणि तिसरीकडून कळलेलं यात फरक आहे, आणि कळणार तर आहेच, मंडळात मुलं आहेत तशी वाईतही माणसं आहेत.

आणि मुलालाच नंतर रुखरुख लागली असेल, तसंही होतं, बारा वर्षांच्या माणसालाही देऊन झाल्यावर चुटपुट लागते, तर त्यालाही या छंदात एक सरळ रस्ता आहे. मित्राला जाऊन म्हणायचं, "हे कार्ड तू कधी देऊन टाकायचं ठरवलंस तर आधी मला विचार." बस. कलेक्टर लोक हा शब्द पाळतात, मी अशी कार्डं पाचसहा वर्षांनी मूळ घरी परत आलेली बघितली आहेत. परत मागणं वेगळं आणि पहिला हक्क सांगून ठेवणं वेगळं, दुसऱ्यात कोणाचंच नाक कापलं जात नाही.

इथून पुढचं, आणि हे तुमच्यासारख्या बाकीच्या आईबापांसाठीही, मुलं पुण्यात क्रिकेटची कार्डं जमवत असोत नाहीतर टोरांटोत हॉकीची. कलेक्टर लोकांकडे पीसी म्हणून एक शब्द आहे, पर्सनल कलेक्शन. जे पीसीमधे गेलं ते ट्रेडला नाही, कोणी विचारलं तर "सॉरी, पीसी" एवढं पुरतं, पुढे कोणी खेचत नाही, तो रिवाजच आहे. मुलाला त्याच्या पीसीसाठी वेगळा छोटा डबा द्या आणि त्यात काय जाणार हे त्यालाच ठरवू दे, फक्त एक विनंती करा की कोणी प्रेमाने दिलेलं काही ट्रेड बाइंडरमधे टाकायच्या आधी एक रात्र जाऊ दे. परवानगी घ्यायची नाहीये त्याने, नुसती एक रात्र. ट्रेडच्या वेळी भाव दोघांनी एकाच फोनवर बघायचे. दुसऱ्याच्या बाइंडरमधून कार्ड स्वतः काढायचं नाही, त्याला काढायला सांगायचं. पोस्टाने ट्रेड सोळासतराच्या आत नकोच, आणि करायचाच तर ट्रॅकिंग नंबरशिवाय नाही. आणि ते लाइव्ह ब्रेक्स, जिथे पैसे भरायचे आणि समोरचा माणूस व्हिडिओवर पाकिटं फोडतो, त्याच्यापासून मात्र मुलांना लांब ठेवा, याबाबतीत मी अजिबात मऊ नाही, तो लॉटरीचा भाऊ आहे आणि त्यात मित्र मिळत नाहीत. तुमच्या मुलाला या छंदात एक मित्र मिळालाय, मराठी बोलणारा, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, तिकडे वाढणाऱ्या पोराला हे किती क्वचित मिळतं ते तुम्ही मला सांगायला हवं.

रविवारच्या कॉलच्या आधी दोघं मिळून तो जज एकदा उजेडात बघा, मागचं साल वाचा. आणि कार्ड नुसतंच पडलेलं असेल तर कॅमेऱ्यासमोर धरायच्या आधी स्लीव्हमधे, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, घाला, आबा बघायला मागतील आणि तो उत्साहात अंगठा लावेल.